चकचकीत लग आणि ३३ अंश

१ ऑगस्टला ट्रॉलरवरची बंदी उठते आणि दक्षिण गोव्यातल्या बर्फाच्या कारखान्यांवर एकदम लोड येतो. कुटबण जेटीला बर्फ पुरवणाऱ्या एका कारखान्यात त्याच आठवड्यात विजेच्या पॅनलजवळ करपल्यासारखा वास यायला लागला. फोरमनने आमच्यासमोर इन्फ्रारेड गन, म्हणजे न टेकवता तापमान मोजणारं यंत्र, पॅनलवर धरली. तिन्ही फेजना ३३ अंश. "बाब, गन तर थंडच दाखवते."

गनने मोजलं होतं ते झाकण. बसबारवर (वीज वाटणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर) अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक पाटी होती. लाल ठिपका तिच्यातून आरपार गेला, लगवर (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या, पट्टीला बोल्टने जोडलेल्या धातूच्या तुकड्यावर) उमटला, पण तो ठिपका नुसता नेम दाखवायला असतो. गन ८ ते १४ मायक्रॉनची उष्णता वाचते आणि ती अ‍ॅक्रिलिकमधून किंवा काचेतून पार होत नाही.

हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड घालून पाटी काढली. आता आर, वाय, बी या तिन्ही फेजच्या लगांवर : ३४, ३९, ३४. पाचच अंशांचा फरक म्हणून सोडून द्यावा असं कुणालाही वाटेल. पण लग चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे होते. असा धातू स्वतःची उष्णता जेमतेम दहा टक्के बाहेर टाकतो, बाकी आजूबाजूची परावर्तित करतो. गन ०.९५ वर सेट, म्हणजे वस्तू पंचाण्णव टक्के उष्णता स्वतःच टाकते असं धरून चालणारी; इथे तिला दिसत होत्या मुख्यतः खोलीच्या ३२ अंशांच्या भिंती. सेटिंग ०.१ वर आणूनही भागत नाही. समोर उभ्या माणसाच्या अंगाची उष्णतासुद्धा आकड्यात मिसळते.

क्लॅम्प मीटरवर करंट पाहिला : १८२, १८०, १८४ अ‍ॅम्पिअर. तिन्ही फेज सारखे, म्हणजे दोष ओव्हरलोडचा नाही, जोडाचा.

शटडाऊन घेतलं, वीज नसल्याची टेस्टरने खात्री केली आणि प्रत्येक लगवर काळ्या पीव्हीसी टेपचा तुकडा चिकटवला, बुडबुडा न ठेवता. टेप ०.९५ च्या आसपास असते. तुकडा गन वाचते त्या वर्तुळापेक्षा मोठा हवा : १२:१ ची गन ६० सेंटिमीटरवरून ५ सेंटिमीटरचं वर्तुळ वाचते आणि लग जेमतेम ३ चा. म्हणून ३०:१ ची गन घेतली, तिचं वर्तुळ २ सेंटिमीटर. ती एसी गाडीतून काढून अर्धा तास पॅनलरूममध्ये ठेवली होती. आपल्याकडच्या दमट हवेत थंड लेन्सवर लगेच वाफ धरते.

लोड देऊन चाळीस मिनिटांनी वाचलं : ४८, ८८, ४८. पीव्हीसी केबलची मर्यादा ७० अंश.

पुन्हा शटडाऊन. वायचा लग उघडला तेव्हा तांब्याच्या पट्टीला टेकलेली बाजू पांढऱ्या भुकटीने भरली होती, बोल्ट बोटांनी फिरत होता आणि केबलचं इन्सुलेशन लगपासून चार बोटं तपकिरी, कडक झालं होतं. अ‍ॅल्युमिनियम थेट तांब्यावर बसवलेलं, त्यात खारी हवा. अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जाणारच. करपलेला भाग कापून नवा बायमेटल लग (केबलकडे अ‍ॅल्युमिनियम, पट्टीकडे तांबं) दाबून बसवला, पट्टी घासली, ऑक्साइड रोखणारी पेस्ट लावली, टॉर्क रेंचने आवळलं. आर आणि बीलाही तेच लग बसवले. ते अजून तापले नव्हते, इतकंच.

नव्या लगांवर टेप लावून पुन्हा लोड दिला : ४७, ४८, ४७. टेपचे तुकडे तिथेच ठेवले, पुढच्या मोजणीसाठी.