बाबा गेल्यानंतरचं सेमिस्टर

पाचव्या सेमला बाबा गेले. हार्ट अटॅक, वय फक्त 51. रामटेकला अंबाळा तलावात अस्थी, मग गावी तेरवी, सगळं आटपून हॉस्टेलवर परत आले तर नोटीस बोर्डावर डिटेनच्या, म्हणजे परीक्षेला बसू न देण्याच्या, यादीत माझं नाव. अटेंडन्स 75 टक्के लागते अन् माझी 58.

मग खिडक्या सुरू. ऑफिस, एक्झाम सेल, प्रत्येक विषयाचे सर, अन् सगळ्यांना पहिल्यापासून सांगायचं की बाबा वारले. एका खिडकीवर "कोण वारलं?" असं विचारलं ना, तेव्हा आवाजच निघाला नाही. रडू तर एकटीलाही येत होतं, पण ते एकच वाक्य परत परत म्हणणं सगळ्यात जड गेलं मला.

टीजी मॅडमनी (टीचर गार्डियन, आमच्याकडे लक्ष ठेवणाऱ्या शिक्षिका) मला जिन्यात बसलेलं पाहिलं. केबिनमधे नेलं, सगळं एकदाच विचारलं, एकच अर्ज लिहून घेतला, मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स जोडली (काकांनी ग्रामपंचायतीत 21 दिवसांच्या आतच नोंद केली होती म्हणून तो लवकर मिळाला) अन् अर्ज घेऊन स्वतः फिरल्या. सगळ्या सरांना मेसेज टाकला, तिला काही विचारू नका, सेशनल (कॉलेजची अंतर्गत परीक्षा) परत घ्या. मला परत कुठेच जावं लागलं नाही. ज्यांच्या वर्गात असं कोणी असेल त्यांनी एवढं तरी कराच, हात जोडून सांगते.

रूममेटचं पण सांगते. ती "काही लागलं तर सांग" असं एकदाही म्हणाली नाही, सकाळी तर्री पोहे आणून टेबलावर ठेवायची अन् प्रॅक्टिकल रेकॉर्ड लिहीत बसायची. रात्री मात्र झोप नाही. एकदा दोन वाजता 14416 लावला, टेलिमानस, मन मोकळं करायला सरकारने 2022 मधे सुरू केलेला हेल्पलाइन नंबर, पैसे लागत नाहीत अन् मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी घाई केली नाही, हेच खूप होतं.

तीन-चार महिन्यांनी सगळे विसरले तेव्हा मॅडमनी परत बोलावलं. मला वाटलं अटेंडन्सच. तर म्हणाल्या, "बाबा काय करायचे गं तुझे?"

एसटीत कंडक्टर होते, मॅडम. सुटे नसले की तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायचे अन् माणूस विसरून उतरला तर दारातून हाका मारून पैसे परत करायचे. अर्धा तास बोलले मी.