गोडं पाणी

लातूर, माघ शुद्ध नवमी

घरी येऊन दोन दिवस झाले, तरी जिना चढताना अजून पायाखाली होडी हलते.

मांडव्याहून निघालो तेव्हा होडीत आम्ही दोघंच. सुकाणू ह्यांच्याकडे, शिडाची दोरी माझ्याकडे. सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा दहा-अकराला पडला आणि तासभर शीड नुसतं लोंबत राहिलं. मग वायव्येकडून खारा वारा उठला, शीड फुगलं, खांदेरीचा दीपस्तंभ डावीकडून मागे सरकला. दक्षिणेला जाताना हा वारा पाठीशी असतो. परतताना मात्र तोच तोंडावर येतो, म्हणून येताना आम्ही फटफटताच नांगर उचलायचो. त्याआधी निघायची सोय नाही, अंधारात जाळ्यांचे तरंगते बोयरे दिसत नाहीत.

चतुर्थीला रेवदंड्याच्या खाडीत शिरायचं होतं. भरतीची वेळ कोळी तिथीच्या पाऊणपटीनं काढतात. चार पाऊण तीन. माझ्या आजोबांना पाऊणकी तोंडपाठ होती, ती अशी कामाला येईल असं कधी वाटलं नव्हतं. तीनच्या सुमाराला भरल्या पाण्यावर अलगद आत गेलो.

नांगर टाकला आणि बघते तर होडीच्या तळाशी पाणी. ह्यांचा चेहरा उतरला. मी बोट बुडवून जिभेला लावलं. गोडं! "म्हणजे होडी गळत नाही," म्हणत ह्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मला मात्र रडू फुटलं. वीस लिटरच्या कॅनची तोटी नीट बंद झाली नव्हती, निम्मं पाणी गेलं होतं.

२०१६ साली मांजरा धरण आटलं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात टँकरपुढे घागर घेऊन मी किती उभी राहिले, ते ह्यांना ठाऊक आहे. नोकरीमुळे हे तेव्हा इथं नव्हते. ते काहीच बोलले नाहीत. ताटं समुद्राच्या पाण्यानं घासली, शेवटी अर्ध्या तांब्यात दोन्ही विसळली आणि उरलेला घोटभर माझ्यापुढे धरला.

आज नळ आला. पिंप ह्यांनीच भरलं. तोटी बंद केली आणि तिच्याखाली तळहात धरून बराच वेळ उभे राहिले.