अबार्थ पुंटो: पुढचे शॉकअप बदलले, मागचे बाकी

माझ्या जुन्या फियाट अबार्थ पुंटोच्या दुरुस्तीची ही पुढची नोंद. मागच्या नोंदीत पुढच्या चाकांखालच्या खटखटीपर्यंत आलो होतो. ती लिंक रॉडची (सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी) निघाली. दोन्ही रॉड नवे घातले आणि आवाज बंद झाला. खड्ड्यानंतर गाडी डुलत राहण्याचं, म्हणजे तरंगण्याचं दुखणं मात्र तसंच राहिलं, आणि संशय शॉकअपवर (शॉक ॲबसॉर्बर) आला.

बेळगावजवळचं किणये सोडून जांबोटीच्या दिशेने निघालं की रस्त्यात लांबट उंचवटे लागतात. त्यावरून उतरताना नाक खाली जायचं, वर यायचं, पुन्हा खाली जायचं आणि मग कुठे गाडी जागेवर यायची. ब्रेक दाबला की बोनेट नको इतकं झुकायचं. वळणात खड्डा आला की पुढचं चाक क्षणभर बाहेरच्या बाजूला सरकायचं. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते. टायर रस्त्याला टेकलेला नसेल तर स्टिअरिंग काय आणि ब्रेक काय, काहीच कामाचं नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: ही २०१५ साली आपल्याकडे विक्रीला आलेली अबार्थ पुंटो. १३६८ सीसीचं टर्बो इंजिन, १४५ बीएचपी, चारही चाकांना डिस्क. साध्या पुंटोपेक्षा खाली बसणारी आणि सस्पेन्शन कडक. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा). मीटर ८० हजार किलोमीटरच्या पुढे गेलाय आणि त्यातला बराच भाग चोर्ला आणि चंदगडच्या रस्त्यांवरचा आहे. कणकुंबीकडे पाऊस कसा कोसळतो आणि तो गेल्यावर रस्त्याचं काय उरतं, हे इकडच्यांना सांगायला नको.

बोनेटचा कोपरा दाबून सोडायची परीक्षा सगळेच करतात. मीही केली. गाडी एकदा वर येऊन थांबली, म्हणजे पास. पण हाताने दाबताना शॉकअपचा पिस्टन अगदी सावकाश चालतो आणि खड्ड्यात तो त्याच्या कितीतरी पट वेगाने हलतो. त्यामुळे या परीक्षेत पूर्ण मेलेला शॉकअप सापडतो, अर्धा गेलेला निसटतो. शिवाय हे झिजणं इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याचा हात त्याला सरावतो. म्हणून मला मोजता येईल असं काहीतरी हवं होतं.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक सिलिंडरच्या कामात आहे, त्यामुळे विचार तेलाच्या बाजूने सुरू झाला. धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉकअपचं काम तिला नाचू न देणं. पिस्टनमधल्या बारीक व्हॉल्व्हमधून तेल जबरदस्तीने ढकललं जातं आणि स्प्रिंगची ताकद उष्णतेत जिरते. म्हणजे काम करणारा शॉकअप तापायलाच हवा. खराब रस्त्यावरून आल्यावर एका बाजूचा तापलाय आणि दुसऱ्या बाजूचा गारच आहे, तर गार असलेल्यावर संशय घ्यायचा.

फाउंड्रीत वापरतात तसली टेंपरेचर गन घेतली. इथे एक पथ्य आहे: ही चाचणी घाट उतरून आल्यावर करू नका. पुढच्या डिस्क तापलेल्या असतात आणि ती धग शेजारच्या स्ट्रटला लागते. मी किणये ते जांबोटी हा पट्टा निवडला, कारण तिथे हादरे भरपूर आणि ब्रेक कमी लागतो. थांबल्याबरोबर दोन्ही स्ट्रटची नळी एकाच उंचीवर, चिखल पुसून मोजली. चकचकीत धातूवर गन चुकीचं दाखवते, म्हणून काळ्या रंगाचाच भाग धरायचा. उजव्या बाजूपेक्षा डावी दहा-बारा अंशांनी गार निघाली. पुन्हा गेलो, पुन्हा तोच फरक. डाव्या टायरवरून हात फिरवला तर कडेला चढउतार लागत होते, तेही या निदानाला धरूनच होतं.

गाडी अनगोळच्या मेस्त्रींकडे लिफ्टवर घेतली. मेस्त्री मामांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "आवाज न्हाई म्हणून शॉकअप चांगला, असं न्हवं. तेल बघा की, सगळी माती धरलीय." डाव्या नळीवर वरपासून खालपर्यंत तेलात भिजलेल्या लाल मातीचा थर होता. रॉडजवळ हलका ओलसरपणा चालतो, कारण सीलला थोडं तेल लागतंच. पण तेल ओघळून माती धरू लागली की विषय संपला.

कारखान्यात मित्रांचा आग्रह होता की आपणच दुरुस्त करू. होनिंग केलेली (आतून घासून गुळगुळीत केलेली) नळी, हार्ड क्रोमचा रॉड, सील, सगळं उद्यमबागेत हाताशी आहे. तरी मी नाही म्हटलं. हा शॉकअप तोंड वळवून कायमचा बंद केलेला आहे आणि तेलाला फेस येऊ नये म्हणून आत नायट्रोजन भरलेला आहे. आपला सिलिंडर मोठ्या दाबाखाली सावकाश चालतो. हा रॉड कमी घर्षणात, सेकंदाला कित्येक वेळा हलतो. वरून डावा-उजवा डायनोवर (शॉकअपचा जोर मोजणारं यंत्र) जुळवायला हवा. ती सोय नसताना ब्रेकिंगशी निगडित भागावर प्रयोग करणं मला पटत नाही.

फियाटने इथे गाड्या विकणं थांबवल्यापासून सुटे भाग शोधणं हेच अर्धं काम झालंय. एका दुकानदाराने साध्या पुंटोचे देऊ केले, "बसतात की हो" म्हणत. बोल्ट बसेलही. पण कडक स्प्रिंगला मऊ स्प्रिंगसाठी बनवलेला शॉकअप रीबाउंडमध्ये, म्हणजे स्प्रिंग परत उसळताना, आवरू शकत नाही. जुन्या नळीवरचा नंबर जुळवून, जोडीच घेतली. एकाच बाजूचा नवा घालणं म्हणजे ब्रेक मारताना गाडी वाकडी करणं.

बसवण्याचं काम तसं सरळ आहे. काढण्याआधी खालच्या दोन बोल्टांची जागा खुणेने आखून घेतली. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर आधी सोडवली, म्हणजे हबचं (चाक ज्यावर बसतं तो भाग) वजन त्यांच्यावर येत नाही. स्प्रिंग कंप्रेसर समोरासमोर लावून स्प्रिंग सैल झाल्याची खात्री होईपर्यंत रॉडवरच्या मधल्या नटला पाना लावायचा नाही. हा नियम जिवाचा आहे. नट सोडताना रॉड ॲलन कीने धरायचा, पकडीने कधीच नाही. क्रोमवर एक ओरखडा पडला की तो प्रत्येक फेरीला सील कापत जातो. वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप (शेवटचा धक्का अडवणारा रबरी ठोकळा) आणि धुळीचं बूट नवंच घातलं.

जुना डावा शॉकअप उभा धरून दाबला तर सुरुवातीचा इंचभर रॉड विनाअडथळा आत गेला, मग कुठे अडला. आतलं तेल कमी झाल्याचं लक्षण. नवे बसवण्याआधी उभे धरून सावकाश पूर्ण आत-बाहेर केले, म्हणजे आडवे पडून राहिल्याने आतल्या नळीत शिरलेली हवा निघून जाते.

अलाइनमेंट लगेच केली, कारण त्या दोन बोल्टांच्या खेळात कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलतो. मग तोच रस्ता, तीच गन. आता दोन्ही बाजू एक-दोन अंशांच्या आत. उंचवट्यावरून नाक एकदा खाली जातं, वर येतं आणि तिथेच थांबतं. वळणातल्या खड्ड्यातही चाक जागा सोडत नाही. गाडी पुन्हा हातात आल्याचा आनंद शब्दांत मावत नाही.

पुढची जोडी घट्ट झाल्यावर मागचा ढिलेपणा जास्त जाणवू लागलाय, त्यामुळे आता मागची जोडी. मागे स्प्रिंग वेगळी बसते, कंप्रेसरची कटकट नाही. फक्त खालचा बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचा कसायचा, लिफ्टवर लोंबकळत असताना कसला तर रबर बुश पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. नंबर जुळणारी जोडी पुण्यात मिळतेय, ती आली की पुढची नोंद.