त्याच सुताचं दुसरं कव्हर

जुलैतला रविवार होता. सकाळी साडेदहाला ती पोरगी वडिलांना घेऊन दारात उभी राहिली. इचलकरंजीहून एसटीनं कोल्हापूरला आले होते, छत्र्या गळत होत्या. रात्री दहाची पुण्याची गाडी, आणि सोमवारी पहिल्या नोकरीवर हजर व्हायचं. मी कपाटातून तिचं कव्हर काढून हातात दिलं. तिनं लॅपटॉप आत सरकवला तसा तो सुळकन आत गेला आणि एका कोपऱ्याला जाऊन लागला. कव्हर हलवलं की आत लॅपटॉप इकडून तिकडं फिरत होता.

"चालतंय काकू, छान झालंय," ती म्हणाली. वडील काही बोलले नाहीत. सुतावरून नुसता अंगठा फिरवत राहिले.

ते सूत त्यांचंच होतं. त्यांचा जन्म मागावर गेलाय. लेक लॅपटॉप घेऊन परगावी निघाली, तर त्याला आपल्या हातचं काहीतरी असावं म्हणून त्यांनी दहा नंबरच्या सुताचे आठ पदर एकत्र करून गुंडे बांधून पाठवले होते. मी मंगळवार पेठेत चौदा वर्षं घरूनच क्रोशाची कामं घेते. टोपडी, बाळमोजे, टेबलक्लॉथ, तोरणं, देवापुढचे रुमाल. मागाचं सूत विणायला घेऊन कोणी आलं नव्हतं. म्हणून हे काम मी फार मनापासून केलं होतं, आणि तेच चुकलं होतं.

चूक मापाची. फोनवर तिनं सांगितलं, "१५.६ इंची आहे." मी ते रुंदी म्हणून धरलं. १५.६ इंच म्हणजे ४० सेंटीमीटर, वर जाडीसाठी दोन, असं ४२ सेंटीमीटरचं कव्हर विणलं. आता टेप लावला तर लॅपटॉप ३६ सेंटीमीटर रुंद भरला, साडेचोवीस खोल आणि दोन जाड. १५.६ हे माप नुसत्या पडद्याचं, तेही एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं. लॅपटॉपचं माप त्यातून कळतच नाही. मी टेप घेऊन मोजायला सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही.

शिवाय हे कॉटन. लोकर ताणली तर परत आखडते, कॉटन एकदा सैलावलं की सैलच राहतं. आज जे ढिलं आहे ते महिनाभरात पिशवीसारखं लोंबणार. ते तसंच देणं मला जमलं नसतं.

"तुम्ही अंबाबाईचं दर्शन घ्या, जेवा, खरेदी करा. सात वाजता या," मी म्हणाले.

ते गेल्यावर हिशेब मांडला. चार नंबरच्या सुईवर माझ्या हाताचे दहा सेंटीमीटरला १६ मुके खांब, म्हणजे क्रोशाचे आखूड टाके, बसतात. लॅपटॉपचा घेर ७६ सेंटीमीटर. कव्हर अंगासरशी बसायचं तर घेरापेक्षा थोडं कमीच विणावं लागतं, म्हणून ७२ धरले. ११६ टाक्यांची फेरी, अशा ४६ फेऱ्या आणि वरची झाकणपट्टी. सगळे मिळून सहा हजारांच्या वर टाके. मिनिटाला वीस धरले तरी सवापाच तास, न थांबता. लांब खांब घातले असते तर निम्म्या वेळात झालं असतं, पण लांब खांबात फटी राहतात, त्यातून सॅकमधली किल्ली नाहीतर पेनचं टोक आत जातं. मुका खांबच घट्ट.

खरी अडचण सुताची. नवा गुंडा शिल्लक नव्हता, जुनं कव्हर उसवूनच विणायचं. आणि हे आठ पदर एकमेकांत पिळलेले नाहीत, नुसते शेजारी शेजारी. दोन ओळी उसवून पाहिल्या तर एक पदर लांब, एक आखूड, मध्येच फुगे. हे सूत जमिनीवर पडलं की त्याचा गुंता होणार, आणि तो सोडवण्यातच दिवस जाणार.

सासूबाई देवघराजवळ वाती वळत बसल्या होत्या. चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "उसवून गुंडा कशाला करतीस? मी मांडीवर धरते, तू त्यातनंच ओढून घे की."

हे मला सुचलं नव्हतं. जुन्या कव्हराचं शेवटचं टोक नव्या साखळीचं पहिलं टोक झालं. सासूबाई चिमटीत आठही पदर धरायच्या, हातभर उसवायच्या, मी ते वापरायची, परत हातभर. सूत जमिनीला टेकलंच नाही. तळाची साखळी घातली, तिच्या एका बाजूनं मुके खांब घालत गेले, टोकाला वळून दुसऱ्या बाजूनं परत आले. असं केलं की कडेला शिवण येत नाही. उसवलेलं सूत नागमोडी झालेलं असतं, सुईच्या टोकाला एखादा पदर निसटतो. तो मागून दिसत नाही, पुढं दोन टाके झाल्यावर लूप बाहेर डोकावतो. म्हणून प्रत्येक टाक्याला बोटानं आठ पदर चाचपूनच सुई ओढत होते.

वेळ वाचवायला गोलगोल विणत जायचा मोह झाला. पण मुका खांब एकाच दिशेनं विणला की टाके उजवीकडं कलत जातात, आणि वर पोचेपर्यंत झाकणपट्टी मध्यावर राहत नाही. म्हणून प्रत्येक फेरी जोडून उलटी फिरवली. दुपारी दोघींनी आमटी-भात ताटलीत घेऊन तिथंच खाल्ला. चारच्या सुमाराला दोन्ही कव्हरं सारख्या उंचीची झाली, एक त्यांच्या मांडीवर, एक माझ्या. "आता माझं संपंल आणि तुझं हुईल," त्या म्हणाल्या, आणि मला कशानं कोण जाणे, भरून आलं.

धुऊन ताणून वाळवायची सोय नव्हती. या पावसात साधा टॉवेल दोन दिवस वाळत नाही. ओला पंचा ठेवून इस्त्रीची वाफ दिली, टाके बरेच बसले. आत फ्लॅनेलचं अस्तर कच्च्या टाक्यांनी जोडलं. बटण करवंटीचं लावलं, धातूचं मी लॅपटॉपच्या कामाला लावत नाही, चरा पडतो.

पावणेआठ वाजले होते. बापलेक पाऊण तास शांत बसून होते. तिनं लॅपटॉप आत घातला. शेवटची दोन बोटं तो दाबूनच घालावा लागला. मी खाली हात धरून, झाकणपट्टी उघडीच ठेवून कव्हर उलटं केलं. लॅपटॉप जागचा हलला नाही.

मग तिला बजावून सांगितलं: यानं ओरखडे टळतील, हातातून पडला तर हे वाचवणार नाही. सुरू असताना किंवा चार्जिंगला लावून आत ठेवायचा नाही, गरम होतो. आणि कॉटन पाणी पितं, पावसात वर प्लास्टिकची पिशवी घालायचीच. ती मान डोलवत होती, पण लक्ष कव्हराकडं होतं.

वडिलांनी ते हातात घेतलं. कडेला एक पदर जरासा वर आला होता, तो नखानं आत सारला आणि विचारलं, "आठही आहेत न्हवं?"

"आठही," सासूबाई म्हणाल्या. "मी मोजलेत."