वहीतलं धुकं

हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना पुन्हा चालतं करणं हे माझं, म्हणजे कार्डिअॅक रिहॅबमधल्या फिजिओथेरपिस्टचं काम. हे काका अगदी शिस्तीचे. अँजिओप्लास्टी झालेली, गोळ्या वेळेवर, सिगारेट कायमची सुटलेली. आमच्या ट्रेडमिलवर आरामात चालायचे. त्या दिवशी मात्र आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, इथे काही होत नाही, पण घराजवळ चालताना छाती आवळल्यासारखी होते. रोज नाही, मधूनच."

असं ऐकलं की व्यायाम तिथेच थांबतो. लगेच कार्डिओलॉजिस्टकडे पाठवलं. ईसीजी, हृदयाला इजा झाली का ते सांगणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी, नंतर स्ट्रेस टेस्ट, कशातही नवीन अडथळ्याची खूण नव्हती.

मग त्यांची चालण्याची वही घेऊन बसलो. वेळ, नाडी, दम आणि शेवटी हवामानाचा रकाना. छाती आवळल्याच्या प्रत्येक नोंदीपुढे एकच शब्द होता: धुकं.

"काका, या धुक्याला वास येतो का हो?"

"येतो की. जळका. डोळेही चुरचुरतात."

चालायचे ते भल्या पहाटे, हमरस्त्याच्या कडेने, ट्रकांच्या रांगेशेजारून. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही, धूर खालीच साचतो. त्यात भरभर चालणारा माणूस बसलेल्यापेक्षा कितीतरी पट जास्त हवा आत ओढतो, तीही बरेचदा तोंडाने. या धुरात पीएम २.५ असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे कण. ते फुप्फुसात खोलवर जातात, दाह होतो, रक्तवाहिन्या नीट सैलावत नाहीत, रक्त गोठण्याकडे झुकतं. धडधाकट माणसाला हे कळतही नाही. एकदा झटका खाल्लेल्या हृदयाकडे तेवढी राखीव ताकद नसते. २००७ साली एडिंबरातल्या संशोधकांनी अटॅक येऊन गेलेल्या २० पुरुषांना तासभर डिझेलच्या विरळ धुरात अधूनमधून सायकल मारायला लावली. स्वच्छ हवेच्या तुलनेत त्यांच्या ईसीजीत हृदयाला रक्त कमी पडल्याच्या खुणा अधिक दिसल्या. मला तर हा प्रयोग प्रत्येक डिस्चार्ज कार्डामागे छापावासा वाटतो. "रोज चाला" एवढंच लिहून भागत नाही. कुठे आणि कधी, तेही लिहायला हवं.

काकांचं चालणं बंद करायचा प्रश्नच नव्हता, व्यायाम हे त्यांचं औषधच आहे. वेळ दुपारकडे सरकवली, रस्ता आतल्या गल्लीतला धरला. निघण्याआधी मोबाइलवर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक बघायचा. वाईट असेल तर घरातच फेऱ्या. रुमाल बांधून हे कण अडत नाहीत, हेही सांगितलं. कार्डिओलॉजिस्टनी जिभेखालची गोळी खिशात ठेवायला सांगितलीच होती. पुढच्या नोंदींत तक्रार दिसली नाही.

आमचं बोलणं त्यांच्याच बॅचमधले एक ट्रकचालक ऐकत होते. "मॅडम, यांनी रस्ता बदलला. माझं तर पोटच रस्त्यावर आहे." गाडीच्या काचा बंद, आतलीच हवा फिरती ठेवा, एवढं मी सांगू शकले. मग डॉक्टरांशी बोलून त्यांच्या मालकासाठी पत्र तयार केलं: काही महिने तरी यांना गोदामातलं काम द्यावं.

मालकाचं उत्तर अजून आलेलं नाही. मी पुन्हा लिहिणार आहे.