रोहितांचा गुलाबी रंग परत मिळवताना

जानेवारीत भिगवणला गेले ती सेकंडहँड निकॉन कॅमेरा घेऊन, पहिल्यांदाच. कुंभारगावच्या काठावरून नावेत बसलो तेव्हा उजनी धरणाच्या पाण्यावर धुकं होतं. रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा जवळून दिसेपर्यंत ऊन चांगलंच चढलं. नावाडीदादा म्हणालेही, "ताई, आता फोटूत पांढरं पांढरंच दिसतंय बघा." घरी येऊन पाहिलं तर अगदी तसंच झालेलं. पक्ष्यांच्या पाठी पांढऱ्याफटक, पंखांतला गुलाबी रंग पार उडालेला. मला फार वाईट वाटलं. ते फोटो सुधारायचेच होते.

नेटवर पहिलं जे 'फ्री' सॉफ्टवेअर दिसलं ते डाउनलोड केलं. दोन तास खपून फोटो सेव्ह केला, तर त्यावर आडवा वॉटरमार्क, आणि तो काढायला पैसे! तेव्हाच ठरवलं, की आधी एकच फोटो घ्यायचा, एक बदल करून सेव्ह करून बघायचा, मगच पुढे जायचं. पाठ जास्त पांढरी झालेला एक रोहित निवडला आणि प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तोच उघडला.

लाइटरूमचं नाव सगळ्यांनी सुचवलं. चांगलंच आहे ते, पण दरमहा पैसे भरायचे, आणि मी वर्षातून दोनदा बाहेर पडणार. ते बाजूला ठेवलं. गिम्प फुकट आहे, 1996 पासून चालत आलेलं. पण त्यात कॅमेऱ्याची रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) उघडायला गेले, तर त्यासाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी हे दुसरं सॉफ्टवेअर आधी टाकावं लागतं म्हणे. इथे माझा खरा घोळ सुटला. रॉ फाइलचा उजेड आणि रंग ठीक करणारी सॉफ्टवेअर वेगळी, आणि फोटोतली वस्तू पुसणारी, फोटो जोडणारी वेगळी. माझं दुखणं पहिल्या प्रकारचं होतं.

डार्कटेबलही फुकट. पण त्यात फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसला होता त्यापेक्षा फिका उघडला, कारण निकॉनची रंगांची सेटिंग्ज ते जशीच्या तशी लावत नाही. त्यातले मॉड्यूल, म्हणजे एकेका बदलाची वेगवेगळी साधनं, इतके, की तीन संध्याकाळी त्यातच गेल्या. शिकायला उत्तम, सुरुवातीला जड.

शेवटी निकॉनचंच एनएक्स स्टुडिओ सापडलं. 2021 मध्ये आलेलं, फुकट. त्यात फोटो कॅमेऱ्यात दिसला तसाच उघडला. हायलाइट्सचा, म्हणजे फोटोतल्या सगळ्यात उजळ भागांचा, स्लायडर हळूहळू डावीकडे ओढला आणि पाठीवरची पिसं एकेक उमटायला लागली. पंखाच्या कडेला फिकट गुलाबी आला. मी खुर्चीतून उठून घरच्यांना हाक मारली! जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या तयार फोटो फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. म्हणून तो तपशील रॉमध्ये शिल्लक होता, जेपेगमध्ये नव्हता. मूळ फाइलही तशीच राहते, बदल वेगळे साठवले जातात. दोन फोटोंत मात्र पाठ पूर्णच जळली होती, म्हणजे नुसती पांढरी, तपशील काहीच नाही. तिथे काहीही परत आलं नाही.

तुमचा कॅमेरा कॅननचा असेल तर त्यांचं डिजिटल फोटो प्रोफेशनलही असंच फुकट मिळतं. पैसे भरण्याआधी ते नक्की बघा.

गिम्प मी काढून टाकलेलं नाही. एका फोटोत नावेचा दोर रोहिताच्या पायाशी आडवा आला होता. एनएक्स स्टुडिओतून फोटोची टिफ प्रकारची फाइल काढून गिम्पमध्ये उघडला आणि हीलिंगच्या ब्रशने दोर पुसला. पाण्यातली लाट थोडी तुटल्यासारखी दिसते अजून, ती या रविवारी करीन.