बुडालेल्या पेढीची नोट

माझ्या संग्रहातली सर्वांत लाडकी नोट एका पाउंडाची आहे. कागद कांद्याच्या सालीसारखा पातळ, छपाई एकाच बाजूला. मजकूर तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला, पण तारीख, क्रमांक आणि भागीदाराची सही हातानं, शाईची. धारकास मागताक्षणी एक पाउंड देण्याचं वचन. आपल्या हुंडीची ही सातासमुद्रापलीकडची चुलत बहीण!

इंग्लंडात साधारण दोनशे वर्षांपूर्वी गावोगावी अशा, स्वतःच्या नोटा काढणाऱ्या पेढ्या होत्या. सहापेक्षा जास्त भागीदार घ्यायला कायद्यानं बंदी, त्यामुळे पेढीवाला म्हणजे बहुधा गावातलाच बिअर गाळणारा, नाहीतर कापडवाला. त्याची ऐपत बघून लोक नोट घ्यायचे. वेल्समध्ये तर अॅबरिस्टविथच्या पेढीच्या एका पाउंडावर एक काळी मेंढी, दोनावर दोन, आणि दहा शिलिंगांवर, म्हणजे अर्ध्या पाउंडावर, कोकरू! अक्षरओळख नसेल त्यानं मेंढ्या मोजाव्यात. (ती नोट मला परवडत नाही. फोटो बघून समाधान मानतो.)

मग 1825च्या डिसेंबरात लंडनमधल्या मोठ्या पेढ्या डगमगल्या आणि काही आठवड्यांत गावच्या पेढ्या डझनांनी बसल्या. पुढच्याच वर्षी सरकारनं पाच पाउंडांखालच्या नोटा बंद करायला घेतल्या, 1844 नंतर तर नव्या पेढीला नोट काढणंच बंद. जुन्यांपैकी शेवटची, सॉमरसेटमधल्या वेलिंग्टनची फॉक्स फाउलर, 1921पर्यंत तग धरून होती.

गंमत अशी, की पेढी धडधाकट असेल तर नोट परत यायची, पैसे चुकते व्हायचे आणि नोट रद्द व्हायची. बुडालेल्या पेढीची मात्र घराघरात पडून राहायची. म्हणून आम्हा संग्राहकांच्या हाती बरेचदा बुडीत खातंच लागतं. बायको म्हणते, "अरे, ज्यांनी लोकांचे पैसे खाल्ले त्यांच्याच कागदाला तू वर पैसे मोजतोस?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

माझ्या नोटेची पाठ छापताना कोरी होती, आता नाही. दिवाळखोरीच्या चौकशीत दाव्याचा पुरावा म्हणून ती दाखवली गेली, त्याचा शिक्का तिथे आहे. खाली वेगळ्या हातानं, घाईघाईत, परतफेडीच्या हप्त्यांच्या नोंदी. कुणीतरी हा कागद घेऊन दोनदा रांगेत उभं राहिलं होतं.

परवा व्हिडिओ कॉलवर ती बाबांना दाखवली. त्यांच्या कपाटात एका पतसंस्थेची ठेवपावती आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, पंधरा वर्षं. संस्थेच्या दाराला कुलूप आहे, पण बाबा पावती टाकत नाहीत आणि आम्हीही विषय काढत नाही. मला वाटलं, ते शाईच्या सहीबद्दल विचारतील. चष्मा वर सरकवून त्यांनी नोटेची पाठ बघितली.

"त्यांना किती मिळाले रे शेवटी?"

"दोन्ही हप्ते धरून पाउंडाला सहा शिलिंग. वीस शिलिंगांचा पाउंड."

"म्हणजे तीस टक्के," बाबा म्हणाले. "बरे मिळाले की!"